आमटीच्या मागावर

मागच्या हिवाळ्यात मंचरच्या एका हॉलमध्ये भाजीपाला वाहतुकीवर कार्यक्रम होता. पुण्याहून आलेल्या टायवाल्या गृहस्थांनी पडद्यावर नकाशा लावला. नारायणगावहून मुंबईकडे जाणारा रस्ता आणि त्यावर सरकणारा एक लाल ठिपका.

"हा ठिपका म्हणजे तुमचा टोमॅटोचा ट्रक," ते म्हणाले. "घरी बसून बघा. ड्रायव्हर कुठं चहाला थांबला तेसुद्धा कळतं. याला म्हणतात रिअल टाइम."

माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले, "आता चहा प्यायची पण चोरी झाली राव."

मी हात वर केला. "ठिपका दारात पोचला. पुढं ते अन्न माणसाच्या ताटात पडलं की नाही, हे कोण बघतं?"

ते हसले. "ते आमच्या सिस्टिममध्ये येत नाही, मॅडम. माल उतरला की आमचं काम संपलं."

मी खाली बसले. माल उतरला की काम संपलं, हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. ते मी नीट ऐकून घेतलं नाही, आणि एका माणसाला भर बाजारात चोर ठरवलं. ठिपक्यांवर माझा राग नाही. आम्हीही ठिपका सरकवला होता, पडद्याशिवाय आणि टायशिवाय. तो कसा आणि कुठं चुकला, हे त्या हॉलमध्ये कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते.

माझं लिहिणं-वाचणं पत्रकांवर झालं. वडील जुन्नरला एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. शनिवारी घोडेगावला घरी येताना पिशवीतून बिघडलेली पत्रकं आणायचे, म्हणजे शाई पसरलेली किंवा तिरकी छापली गेलेली. धरणात गेलेल्या जमिनीची पत्रकं, कांद्याच्या भावाची, एसटी वेळेवर सोडा म्हणून केलेल्या रास्ता रोकोची. पुढच्या बाजूला मी वाचायची आणि मागच्या कोऱ्या बाजूला गणितं सोडवायची. घरात गोष्टींचं पुस्तक एकही नव्हतं. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचता यायला लागले. मोठ्या अक्षरात छापलं की ते खरंच असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण ही आमटी आहे.

डिंभ्याच्या वर, डोंगरात, एक आश्रमशाळा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मी मंचरला कॉलेजात होते त्या वर्षी वादळात तिच्या स्वयंपाकघराचे पत्रे उडाले. छप्पर होईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, सकाळचं जेवण खालून करून पाठवायचं ठरलं. सकाळी पडवीतच वर्ग भरायचे, त्यामुळं तिथं चुली मांडायला जागा नव्हती. संध्याकाळची खिचडी मात्र तिथंच कशीबशी शिजायची. खालचं काम आईच्या बचत गटानं घेतलं. सात बायका. आई मूळची डोंगराकडची, त्या शाळेपासून दोन वाड्या पलीकडची. "माझ्या भावकीची पोरं जेवणार हायेत," असं म्हणून ती पहाटे पाचला चुलीपुढं बसायची. सात वाजता भात आणि आमटी तयार. भात टोपात. आमटी दुधाच्या अल्युमिनियमच्या कॅनमध्ये, कारण त्याचं झाकण घट्ट बसतं आणि डोंगराच्या रस्त्यावर सांडत नाही.

साडेआठला जीप यायची. ती यायच्या आधी मी जीपवाल्याला फोन लावायची आणि तो म्हणायचा, "आलोच, ताई."

आमच्याकडं ‘आलोच’ या शब्दाला किती अर्थ आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. उंबऱ्यात उभा असलेला माणूस आलोच म्हणतो, अंघोळीला बसलेलाही आलोच म्हणतो. ‘निघालो’ म्हणजे निघायचा विचार पक्का झाला आणि ‘पोचतोय’ म्हणजे आता खरंच निघालो. कुणाला हे खोटं वाटत नाही. वाट बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलायची ती रीत आहे. जीपवाल्याच्या आलोचमागं कपबशीचा आवाज यायचा. पण साडेआठला, फार तर पावणेनऊला जीप दारात असायची.

श्रावण लागला आणि शाळेतून तक्रारीची नक्कल आली. ‘अन्न रोज आंबलेले येते. सदर महिलांना स्वच्छतेची सवय नाही.’ खाली मोठ्या सरांची सही. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. वरचे साहेब येऊन चौकशी करतील, आणि तक्रार खरी निघाली तर काम काढून घेतलं जाईल, असंही त्यात होतं.

मी ते मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या वाक्यावर आईनं मला परत वाचायला लावलं. मग तिनं आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले, राखेनं घासून पांढरे पडलेले. म्हणाली, "काम जाऊ दे. पण हे वाक्य लिव्हलेलं ऱ्हाईल. उद्या माझ्या भाच्या-पुतण्या सयपाकाला गेल्या कुठं, तर हेच काढून दाखवतील."

तेव्हापासून माझ्यापुढं एकच प्रश्न होता. सातला शिजलेली आमटी दहाच्या जेवणात आंबत नाही, म्हणजे ती पोरांपर्यंत दहाला पोचत नव्हती. मग मधल्या वेळात कुठं होती?

जीपवाल्याला विचारून उपयोग नव्हता, तो आलोच म्हणणार. मला शब्द नको होते. इनकमिंग फुकट झालं होतं आणि लोकांनी मिस कॉलची भाषा काढली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे परत फोन कर. मला वाटलं, मिस कॉलला तोंड नाही, म्हणून तो खोटं बोलू शकत नाही. माझा मोबाईल सेकंडहँड, दोन रंगांच्या पडद्याचा, पण कुणाचा फोन किती वाजता आला हे तो बरोबर धरून ठेवायचा.

मी रस्त्यावर तीन माणसं नेमली. शिनोलीत सायकल दुरुस्तीवाले बाबा, त्यांच्या दुकानात रुपयाचा डबा फोन होता. डिंभ्यात धरणाच्या कडेला मासे विकायला बसणारी मावशी, तिच्याकडं मोबाईल होता आणि तिथं रेंज होती. आणि शाळेत कामाठीमामा, म्हणजे शाळेत पडेल ते काम करणारे. ते ऑफिसमधल्या फोनवरून करणार. जीप दिसली की रिंग द्यायची आणि ठेवायची. मी उचलणार नाही. वेळ आपोआप टिपली जाणार.

पहिल्या दिवशी पावणेनऊला शिनोलीची रिंग आली. मी आमटीचा टोप घासत होते. आईनं ओल्या हातानं फोन उचलला. "हालो? कोण? बाबा का? बरं हाय ना सगळं?"

संध्याकाळी बाबा सायकल मारत घोडेगावला आले. "तुझ्या आईनं माझा रुपाया खाल्ला की गं! न उचलता ठिवला असता तर डब्यानं परत दिला असता."

"आई, उचलायचा नसतो तो," मी कपाळाला हात लावला.

"कुणी आपल्याला हाक मारली न् आपण ओ द्यायची न्हाई?" आई म्हणाली. "ही कुठली रीत? माणूस तिकडं काय म्हणंल?"

"माणूस म्हणतोय रुपाया दे," बाबा म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन कमरेला खोचून ठेवला. सकाळचं कॉलेज बुडवलं. वडिलांच्या बिघडलेल्या पत्रकांच्या मागं मी तक्ता आखला: निघाली, शिनोली, डिंभे, शाळा. आठवडाभर आकडे भरले. शिनोली रोज नऊच्या आत. डिंभे नऊ-पाच, नऊ-दहा. मावशी इतकी चोख की एकदा जीप टायर बदलायला थांबली तर तिनं आपणहून तीन रिंगा दिल्या, काहीतरी वेगळं घडलंय एवढं कळावं म्हणून. आणि शाळा? शाळेची रिंग बारा-दहाला. बारा-पंचवीसला. एकदा पावणेबाराला.

डिंभ्यापासून शाळेपर्यंत पाऊण तासाचा रस्ता. जीपला लागत होते तीन तास.

मला आनंद झाला, हे कबूल करते. चोर सापडला होता. जीपवाला शाळेच्या पुढं वरच्या वाड्यांना शीटं, म्हणजे प्रवासी, घेऊन जायचा आणि संध्याकाळी खाली उतरायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. आधी शीटं पोचवतो आणि मग आमटी, असा माझा हिशेब झाला. दुसऱ्या सकाळी मी त्याला दारातच गाठलं.

"तू शाळेत किती वाजता पोचतोस?"

"धाच्या आत, ताई."

"मग शाळेतनं फोन बाराला का येतो?"

तो कॅन उचलून जीपमध्ये ठेवत म्हणाला, "ते मला काय ठावं? माल उतरवला, माझं काम संपलं. पुढचं मोठ्या सरांना इचारा."

हे काम त्याला मोठ्या सरांनीच दिलं होतं. त्यांच्याबद्दल तो याहून जास्त बोलणार नव्हता. जेवढं बोलला तेवढ्यात सगळं होतं, पण मला त्यात फक्त टाळाटाळ ऐकू आली.

मी जुन्नर गाठलं. छापखान्यात वडिलांपुढं मजकूर ठेवला. मथळा: ‘अन्न अडवणारा चोर!’ खाली आठवड्याचे आकडे, आणि ‘हिरव्या पट्ट्याची जीप ओळखा’. वडिलांनी चष्मा वर करून वाचलं.

"तू वर जाऊन बघितलंस का?"

"आकडे आहेत ना."

मजकूर आणणाऱ्याला एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. तो त्यांनी मलाही लावला. मथळ्याला त्यांनी लाकडी खिळे काढले, सभेच्या पोस्टरला वापरतात ते, वीतभर उंचीचे. ‘चोर’ रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं.

घोडेगावच्या आठवडे बाजारात मी ती पत्रकं स्वतः वाटली. मेथीवाल्यांनी त्यात मेथी बांधून दिली, त्यामुळं ती घरोघरी गेली. संध्याकाळपर्यंत स्टँडवर पोरं जीपवाल्याला विचारत होती, "काय भाऊ, आज कुणाचा डबा मारला?" दोन म्हाताऱ्या त्याच्या जीपमध्ये बसता बसता उतरल्या. हे मी लांबून पाहिलं आणि मला न्याय झाल्यासारखं वाटलं.

घरी आले तर आईपुढं ते पत्रक उलगडून ठेवलेलं. तिला वाचता येत नाही, शेजारणीकडून वाचून घेतलं होतं.

"तू त्येला अडवताना बघितलं का?"

"तक्ता बघ—"

"त्या मास्तरानं माझे हात न बघता लिव्हलं," आई म्हणाली. "तू त्याची गाडी न बघता लिव्हलंस. मंग तुझ्यात न् त्याच्यात काय फरक ऱ्हायला? उद्या मी वर जाणार. त्याच्याच जीपमधी. तूबी चल."

सकाळी साडेआठला जीप आली. मला वाटलं होतं येणार नाही. त्यानं कॅन चढवले, टोप चढवले आणि आईसाठी पुढचं दार उघडलं. "बसा आत्या. चोराच्या गाडीत भ्या वाटत नसंल तर."

मी मागं भाताच्या टोपाशेजारी बसले. शिनोलीत बाबांनी हात हलवला आणि फोनकडं धावले. डिंभ्याला मावशी टोपलीमागून उठली. माझ्या कमरेला दोन्ही रिंगा वाजल्या, अगदी वेळेवर. नऊ पन्नासला आम्ही शाळेच्या फाटकात होतो. जीप वाटेत एका जागी थांबली होती, एका म्हातारबाला चढवून घ्यायला.

पोरं ताटल्या घेऊन पडवीत रांगेत बसली होती. कामाठीमामांनी जीपवाल्याबरोबर कॅन उतरवून भिंतीला लावले. जीप पुढं वाड्यांकडं निघून गेली. मग काहीच झालं नाही. झाकणं लागलेली, पोरं बसलेली.

"मामा, वाढा ना," मी म्हणाले.

"सही न्हाई झाली."

ऑफिसच्या दाराला कुलूप होतं. नियम असा, की आधी मुख्याध्यापकांनी चव घ्यायची, चव रजिस्टरात वेळ घालून सही करायची, आणि मगच झाकण उघडायचं. नियम चांगला आहे, पोरांच्या भल्याचा आहे. फक्त मोठे सर राहायचे मंचरला आणि यायचे एसटीनं. ती एसटी कधी दहाला यायची, कधी बाराला, आणि कधी सरच ती सोडून पुढची धरायचे.

"मामा, जीप आल्याचा फोन तुम्ही मला कधी करता?"

"फोन आत हाय," ते कुलपाकडं हात करून म्हणाले. "चावी सरांकडं. सर आले, दार उघडलं, की पयला फोन तुमाला. तुमी सांगितलं व्हतं ना. इसरत न्हाई मी कधी."

त्यांना वाटलं मी शाबासकी देईन.

म्हणजे माझा तक्ता आठवडाभर जीपचा म्हणून चालला होता आणि त्यातला शेवटचा रकाना सरांचा होता. पडवीच्या भिंतीपासून ताटापर्यंतची वीस पावलं मी मोजलीच नव्हती. पोरांना विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, जेवण बाराला येतं. कारण त्यांच्या लेखी झाकण उघडलं की जेवण येतं.

आईनं कामाठीमामांना विचारलं, "मी उघडू का?" ते घाबरले. दोन तरुण शिक्षक होते, हंगामी ऑर्डरवरचे. तेही जमिनीकडं बघायला लागले. या तिघांची नोकरी त्या झाकणाखाली होती. आईनं हात मागं घेतला. माझी आई हात मागं घेणारी बाई नाही, म्हणून ते लिहून ठेवते. बारा वाजून दहा मिनिटांनी सर फाट्यावरून चालत आले. दार उघडलं. कामाठीमामांनी इमानानं माझा नंबर फिरवला आणि मी रेंज शोधत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढले होते, तिथं माझ्याच कमरेला फोन वाजला. सरांनी चमचाभर आमटी तोंडात घेतली, तोंड वाकडं केलं, रजिस्टरात ‘आंबट’ लिहिलं आणि वेळ घातली दहाची. आमच्याकडं बघून म्हणाले, "बघा तुमच्या डोळ्यांनी, कसलं अन्न पाठवता ते."

सगळी पोरं जेवली. ती आंबट आमटी खाताना त्यांच्यातल्या एकाही पोरानं तोंड वाकडं केलं नाही. त्यांना त्या चवीची सवय झाली होती. मला आजही त्या गोष्टीचा राग येतो.

चौकशीला आठ दिवस उरले होते. मी रस्त्यावरच्या माणसांना नवं काम दिलं. जीपला एक रिंग, सरांना दोन. एसटी शिनोलीत आणि डिंभ्यात थांबते, आणि सर खिडकीपाशी बसतात.

"ओळखशील ना?" मी मावशीला विचारलं.

"त्येला? माझ्याकडनं मरळ न्हेतो. एका माशासाठी अर्धा तास घासाघीस करतो. आंधारात ओळखंन."

चौकशीचे साहेब अकराला येणार होते, पण दुसरं काम लवकर उरकल्यानं ते दहालाच शाळेत हजर झाले. आम्ही जीपबरोबर पोचलोच होतो. शाळेच्या आवारात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मिळायची, ती मी मागच्या खेपेला शोधून ठेवली होती. ऑफिसला कुलूप बघून साहेब वैतागले. मी त्यांना कट्टा दाखवला. आम्ही दोघं त्यावर चढलो आणि त्यांनी सरांना फोन लावला.

"कुठं आहात?... हो?... बरं बरं, या." फोन ठेवून ते मला म्हणाले, "फाट्यावर उतरलेत. आलोच म्हणाले."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एक रिंग, दुसरी रिंग, बंद.

"साहेब," मी म्हणाले, "ते शिनोलीत आहेत."

"तुला काय माहीत?"

मी पडद्यावरचा नंबर दाखवला, बाबांचा डबा फोन समजावून सांगितला, पत्रकांमागचे तक्ते पुढं केले. त्यांनी चार कागद चाळले.

"मिस कॉल म्हणजे न लागलेला फोन," ते म्हणाले. "न लागलेल्या फोनचा काय पुरावा धरायचा, मुली?"

"थोडं थांबा. वीसेक मिनिटांत डिंभ्याहून दोन रिंगा येतील. नाही आल्या तर मी खोटी."

ते थांबले. इकडं पोरं ताटल्या घेऊन बसली होती. आई पडवीत कॅनशेजारी उभी होती. कामाठीमामा तिच्याकडं बघत होते आणि ती साहेबांकडं. मग तिनं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यात मामांचा काय संबंध न्हाई, मास्तरांचाबी न्हाई. झाकण मी उघडते. अन्न माझ्या हातचं हाय, चव मी घेते. सही मागून करा. पोरं आधी जेवतील."

साहेब कट्ट्यावरून म्हणाले, "बाई, नियम आहे."

"नियम पोरांसाठी हाय का पोरं नियमासाठी?" आईनं हिसका देऊन झाकण काढलं. वाफ निघाली. तिनं पळी भरून आमटी स्वतःच्या तळहातावर घेतली, त्या ‘सवय नसलेल्या’ तळहातावर, आणि सगळ्यांदेखत प्यायली. मग वाढायला लागली. तिला कुणी अडवलं नाही. एका शिक्षकानं भाताचा टोप उचलला.

साहेब खाली उतरले. आईनं त्यांच्याहीपुढं ताटली केली. ते उभ्यानंच जेवले. "आंबट तर नाही," ते हळूच म्हणाले.

"आत्ता न्हाई लागणार," आई म्हणाली. "त्यो दुसरा कॅन मी उघडला न्हाई. तुमचं मास्तर येईपर्यंत तसाच ठिवा. मंग चाखा."

आणि मी कट्ट्यावरून ओरडले, कारण डिंभ्याच्या दोन रिंगा आल्या होत्या.

त्यापुढं वाटेत एका वळणावर एसटी अर्धा-पाऊण तास अडकली. सर पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. साहेबांना बघून ते फाटकापासूनच बोलत आले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम झाला साहेब, मी मघाशीच—" साहेबांनी दुसरा कॅन उघडायला लावला. वास पडवीभर झाला. त्यांनी एक चमचा स्वतः घेतला, दुसरा सरांच्या हातात दिला आणि रजिस्टर पुढं सरकवलं. "चव घ्या. सही करा. आणि वेळ आज घड्याळात बघून घाला."

सरांवर काही मोठी कारवाई झाली नाही. समज दिली, असं कळलं. पण नियमात एक ओळ वाढली, की मुख्याध्यापक हजर नसतील तर हजर असलेल्या कुणाही कर्मचाऱ्यानं चव घेऊन सही करावी. ऑफिसचा फोन पडवीत आला. आईनं साहेबांकडं आणखी एक गोष्ट मागितली, की तक्रारीतलं ते दुसरं वाक्य खोडून त्यावर सही करावी. साहेब म्हणाले, काम तुमच्याकडंच राहतंय, आता कशाला? आई जागची हलली नाही. शेवटी त्यांनी लाल पेनानं रेघ मारली आणि सही केली. तो कागद आईच्या पेटीत आहे. दिवाळीपर्यंत आमटी रोज दहाला ताटात पडली.

आता माझं राहिलं होतं. मी माफीचं पत्रक लिहिलं, हातानं, चार ओळींचं, आणि स्टँडवर जीपवाल्याच्या हातात दिलं. छापायला टाकते म्हणाले. त्यानं बोनेटवर ठेवून वाचलं.

"अक्षरं केवढी असतील?"

"म्हणजे?"

"चोर केवढा छापला व्हता, ताई? पार त्या हाटेलीतनं दिसत व्हता. आन् माफी अशी मुंगीएवढी?"

मी पुन्हा जुन्नरला गेले. वडिलांना म्हणाले, मथळा लाकडी खिळ्यांत हवा. ‘क्षमा असावी’. त्यांनी खण ओढले, चाळले, आणि कडा गोल झालेला एक खिळा माझ्या हातावर ठेवला.

"मोठा क्ष एवढाच आहे. ‘पक्ष’ छापून छापून झिजला. याचा छाप उठत नाही."

"मग?"

"दुसरं काहीतरी म्हण. साधं."

मी तिथंच स्टुलावर बसून विचार केला. मग त्यांच्या हाताखाली मीच खिळे जुळवले, उलटे, उजवीकडून. ‘मी चुकले.’ ‘चोर’मधला च तोच होता, एकच मोठा च होता छापखान्यात. खाली बारीक टाइपात खरे आकडे आणि तक्त्यातला शेवटचा रकाना खरा कुणाचा होता ते.

पुढच्या आठवडे बाजारात मी तेवढीच पत्रकं त्याच लोकांना वाटली. मेथीवाल्यांनी त्यातही मेथी बांधली. जीपवाल्यानं एक पत्रक मागून घेतलं आणि जीपच्या मागच्या काचेवर, बाहेरून, खळ लावून चिकटवलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं ‘मी चुकले.’ घोडेगावपासून वरच्या वाड्यांपर्यंत लोक त्याला विचारायचे, "भाऊ, कोण चुकली?"

"हाय एक," तो म्हणायचा. "लई शिकलेली हाय."

पावसानं धुऊन जाईपर्यंत तो कागद तिथं होता. मी त्याला काढायला सांगितलं नाही.